माशिकोचा कुंभार

जुन्या मराठी घरात दोन मातीची भांडी हमखास आढळत. एक पाण्याचा माठ आणि दुसरी लोणच्याची बरणी. माठ ओट्याजवळ तिवईवर बसलेला असे. बरणी फडताळात, तोंडाला स्वच्छ फडके बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने ठेवलेली असे. दोन्ही भांडी मातीचीच. पण त्यांचे स्वभाव अगदी भिन्न. माठ पाझरतो, बरणी पाझरत नाही. माठातील पाणी गार होते ते या पाझरण्यामुळेच. त्याच्या अंगावरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. लोणच्याच्या बाबतीत मात्र हाच गुण दोष ठरेल. मिठाचे आणि तेलाचे भांडे पाझरू लागले, तर वर्षभराचे लोणचे महिन्याभरातच नासायचे.

या भेदाचे कारण मातीत आहे, तसेच ते अग्नीतही आहे. आपला गावचा कुंभार चाकावरून उतरवलेली मडकी वाळवून आव्यात रचतो, त्यांच्याभोवती गोवऱ्या, पेंढा, लाकूडफाटा घालतो आणि आवा पेटवतो. या आव्यातील उष्णता साधारणपणे 700 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. एवढ्या उष्णतेने माती कठीण होते व पुन्हा पाण्यात विरघळत नाही. परंतु तिचे कण एकमेकांत वितळून एकजीव होत नाहीत, त्यांच्यामधील पोकळ्या तशाच राहतात. योग्य जातीची माती 1200 ते 1300 अंशांपर्यंत तापवली, म्हणजे तिच्यातील काही द्रव्ये वितळून त्यांची काच होते. ती काच पोकळ्यांत शिरते आणि भांडे निवल्यावर दगडासारखे घट्ट बनते. त्यावर टिचकी मारली असता खणखणीत आवाज येतो. अशा भांड्यांना इंग्रजीत ‘स्टोनवेअर’ म्हणतात. दगडी भांडी, असा त्याचा सरळ अर्थ. आपण बरणीला चिनी मातीची म्हणतो खरे, पण खरी चिनी माती म्हणजे शुभ्र, पातळ कपबशीची. तपकिरी गळ्याची ती जाडजूड बरणी दगडी भांड्यांच्याच कुळातली. नदीकाठची साधी गाळाची माती मात्र एवढी उष्णता सोसू शकत नाही. ती फुगते, वाकते आणि अखेर वितळून जाते.

अशा प्रखर उष्णतेची भट्टी केवळ लाकडाच्या जाळावर तापवण्याची विद्या चीन, कोरिया व जपान या देशांत अनेक शतके नांदत आली. यंत्रयुगात कोळशाच्या, तेलाच्या, गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्या आल्या. त्यांत उष्णता हवी तेवढी व हवी तेव्हा मिळते, धूर होत नाही, रात्री जागाव्या लागत नाहीत. व्यवहाराच्या दृष्टीने लाकडाची भट्टी मागे पडली हे योग्यच झाले. तरीही विसाव्या शतकात काही शिकलेली माणसे जाणूनबुजून लाकडाच्या भट्टीकडे वळली. माती मळणे, चाकावर भांडे घडवणे, झिलई तयार करणे आणि भट्टी लावणे ही सारी कामे आपल्याच देखरेखीखाली करणारा, वंशपरंपरेने नव्हे तर आवडीने या व्यवसायात आलेला कलावंत कुंभार हा या शतकात नव्याने उदयास आला. जपानचे शोजी हामादा हे अशा कुंभारांत अग्रगण्य होत.

हामादा यांचा जन्म 1894 साली झाला. टोकियोच्या उच्च तांत्रिक शाळेत त्यांनी कुंभकलेचे शास्त्रीय शिक्षण घेतले आणि 1916 मध्ये ते क्योतो येथील नगरपालिकेच्या मृत्तिका-प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे त्यांचे ज्येष्ठ स्नेही कांजिरो कावाई होते. या दोघांनी तेथे झिलईचे हजारो प्रयोग केले. झिलई म्हणजे भांड्यावर चढवलेला काचेचा पातळ थर. कोणत्या दगडाची पूड, कोणत्या झाडाची राख आणि कोणत्या धातूची भस्मे किती प्रमाणात मिसळली असता कोणता रंग येतो, हे त्यांनी नोंदवून ठेवले. म्हणजे हामादा हे प्रथम रसायनाचे अभ्यासक आणि मग कुंभार. त्यांच्या पुढील आयुष्याचे मर्म समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

त्या काळात बर्नार्ड लीच हा इंग्रज कलावंत जपानमध्ये राहून कुंभकला शिकत होता. हामादा यांची त्याच्याशी मैत्री जडली आणि 1920 मध्ये दोघे मिळून इंग्लंडला गेले. कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी सेंट आइव्ह्ज नावाच्या गावात त्यांनी कर्मशाळा काढली व तेथे जपानी पद्धतीची चढती भट्टी बांधली. पाश्चात्य देशांतील ही अशा प्रकारची पहिली भट्टी मानली जाते. ती फारशी चांगली वठली नाही, हे सांगितले पाहिजे. कॉर्नवॉलच्या त्या उघड्या, वाऱ्याच्या प्रदेशात पुरेसे सरपण मिळणेच कठीण होते. पुढे त्सुरुनोसुके मात्सुबायाशी नावाच्या, भट्टी बांधण्यात निष्णात असलेल्या जपानी कुंभाराने तेथे येऊन नवी, तीन दालनांची भट्टी बांधून दिली. प्रयोगशाळेत हजारो प्रयोग केलेल्या तरुणाला आपल्या हातची पहिली मोठी भट्टी नीट साधू नये, यात नवल नाही. भट्टीचे ज्ञान पुस्तकातून येते त्याहून अधिक ती पुन्हा पुन्हा पेटवण्यातून येते.

इंग्लंडमधील वास्तव्यात हामादा डिचलिंग या खेड्यात गेले होते. तेथे काही कारागीर शहर सोडून, स्वतःच्या हाताने विणकाम, कोरीवकाम करीत साधेपणाने राहत असत. त्यांत एथेल मेरे या विणकर होत्या. भारतीय कलेचे थोर अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्या त्या पूर्वीच्या पत्नी. या लोकांचे जीवन पाहून, आपणही खेड्यातच राहून काम करावे, असे हामादा यांच्या मनाने घेतले. 1923 च्या सप्टेंबरमध्ये टोकियो व आसपासचा प्रदेश भीषण भूकंपाने उद्ध्वस्त झाला. ती वार्ता कळल्यावर हामादा स्वदेशी परतले आणि 1924 मध्ये टोकियोच्या उत्तरेस असलेल्या माशिको या खेड्यात जाऊन राहिले.

माशिको हे काही कलेचे तीर्थक्षेत्र नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथील कुंभार टोकियोच्या स्वयंपाकघरांसाठी रांजण, लोणच्याच्या बरण्या, कालवण वाढण्याची भांडी आणि चहाच्या किटल्या बनवीत. मिनागावा मासू नावाची एक बाई या किटल्यांवर डोंगर, पाणी आणि झाडे यांची ठरावीक चित्रे काढीत असे. दिवसाला शेकडो किटल्या तिच्या हाताखालून जात. तिचा हात इतका सरावलेला होता की, तो क्षणभरही अडखळत नसे. नामवंत कलावंतांनी माना डोलवाव्यात असे ते काम होते. पण किटली स्वस्तच विकली जाई. हामादा यांना हेच वातावरण हवे होते. आरंभी ते दुसऱ्यांच्या भट्टीत आपली भांडी भाजून घेत. पुढे त्यांनी स्वतःची जागा घेतली, एक जुने शेतकरी घर उचलून तेथे आणून उभे केले आणि डोंगराच्या उतारावर स्वतःची चढती भट्टी बांधली.

माशिकोची माती भरड आणि वाळूमिश्रित आहे. तिच्यात नाजूक, पातळ भांडे घडत नाही. हामादा यांच्यासारख्या ज्ञानी माणसाला दूरवरून उत्तम माती मागवता आली असती. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी जाड, भक्कम, या मातीला पेलतील असेच आकार निवडले. झिलयांची गोष्टही तशीच. प्रयोगशाळेतील शेकडो सूत्रे त्यांना मुखोद्गत असतील. पण आयुष्यभर त्यांनी मोजक्याच झिलया वापरल्या, आणि त्यांतील बऱ्याच द्रव्यांचा उगम चालत जाता येईल इतक्या अंतरावर होता. जवळच्या खाणीतील दगडाची तांबूस पूड पाण्यात कालवून भांड्यावर चढवली की, भाजल्यावर पिकल्या पर्सिमन फळासारखा तपकिरी-तांबडा रंग येई. लाकडाच्या राखेपासून पारदर्शक झिलई होई. भाताच्या तुसांच्या राखेपासून दुधासारखी पांढरी, किंचित निळसर झिलई बने. तुसांत सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य द्रव्य, विपुल असते. ते झिलईत पूर्ण न विरघळल्याने तिला हा पांढुरका ढगाळपणा येतो. कोकणात भातगिरणीच्या मागे जे तुसांचे ढीग पडलेले असतात, त्यांत एवढे गुण दडलेले असतील, याची कल्पना सहसा कोणाला येत नाही.

त्यांचे चाकही जुन्या तऱ्हेचे होते. आपल्याकडील कुंभाराप्रमाणे ते चाकाच्या खाचेत काठी घालून त्यास गती देत आणि गती ओसरेपर्यंत भांडे घडवीत. विजेच्या चाकाची अखंड, एकसारखी गती त्यास नसल्यामुळे भांड्याच्या अंगावर बोटांच्या वळ्या किंचित असमान उमटत. भांड्यावर चित्र काढताना ते बहुधा एकच आकृती काढीत: वाऱ्याने वाकलेले उसाचे कांडे व त्याची दोन-तीन पाने. ओकिनावा बेटावर त्यांनी हे ऊस पाहिले होते. कुंचल्याच्या चार-पाच फटकाऱ्यांत पुरी होणारी ही आकृती त्यांनी हजारो वेळा काढली. कधी कधी ते मोठ्या थाळीवर पळीने झिलई ओतून नक्षी उमटवीत. हे काम पाहता पाहता आटोपे. एकाने त्यांना विचारले की, एवढ्या अल्प वेळात झालेल्या कामाचे मोल ते काय? त्यावर हामादा यांनी सांगितले की, पंधरा सेकंदांत साठ वर्षेही मिळवून मोजावीत.

आता भट्टीकडे वळू. चढती भट्टी म्हणजे डोंगराच्या उतारावर एकापुढे एक, पायरीपायरीने चढत जाणारी विटांची घुमटाकार दालने. हामादा यांच्या मोठ्या भट्टीत अशी आठ दालने होती. दुरून पाहिले तर एखादा प्रचंड सुरवंट टेकडी चढत असावा, असे वाटते. सर्वांत खाली जाळाचे मुख असते. ज्वाळेचा स्वभाव वर जाण्याचा. म्हणून उतारावर बांधलेली ही संबंध भट्टीच जणू एका आडव्या धुराड्याचे काम करते. खालच्या दालनातील ज्वाळा भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या झरोक्यांतून पुढच्या दालनात शिरते, तेथून त्याच्या पुढच्या. पहिले दालन पूर्ण तापेपर्यंत दुसरे अर्धेअधिक तापलेले असते. मग खालच्या मुखाशी जाळ घालणे थांबवतात आणि दुसऱ्या दालनाच्या बाजूला असलेल्या छिद्रांतून पाइन लाकडाच्या बारीक चिरफळ्या आत टाकू लागतात. असे करीत अग्नी एकेक पायरी वर चढवला जातो. खालच्या दालनाची वाया जाणारी उष्णता वरच्यास मिळते, ही यातील काटकसर. एवढे असूनही अशा भट्टीस लाकूड भरमसाट लागते. ते तोडणे, फोडणे आणि कोरडे करणे यांतच कुंभाराचे कित्येक दिवस जातात.

पाइनचेच लाकूड का? त्यात राळ असते. त्यामुळे त्याची ज्वाळा लांब, जलद आणि अतिशय उष्ण होते व ती भांड्यांच्या रांगांमधून दूरवर पोहोचते. ज्वाळेबरोबर राखही उडते आणि भांड्यांच्या खांद्यावर बसते. राखेत चुना व पालाश असतात. प्रखर उष्णतेत ही द्रव्ये मातीतील सिलिकाशी संयोग पावतात आणि राखेची काच होते. अशा रीतीने कोणी न लावताही भांड्यावर झिलई चढते. कोठे हिरवट थेंब, कोठे ओघळ. जपानमधीलच बिझेन या गावचे कुंभार तर भांड्यास झिलई लावतच नाहीत. कित्येक दिवस भट्टी जाळून राख आणि ज्वाळा जे देतील तेवढ्यावरच ते संतुष्ट असतात.

भट्टीतील हवेचा प्रश्न याहून नाजूक आहे. लाकूड एकदम पुष्कळ टाकले, तर जळण्यास पुरेसा प्राणवायू मिळत नाही. ज्वाळा धुरकट होते आणि तिच्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू वाढतो. हा वायू प्राणवायूसाठी भुकेलेला असतो. तो झिलईतील व मातीतील लोहाच्या भस्मातूनही प्राणवायू ओढून घेतो. त्यामुळे जे लोह मोकळ्या हवेत तपकिरी किंवा पिवळसर रंग देते, तेच या धुरकट ज्वाळेत निळसर-हिरवा रंग देते. एकाच झिलईचे दोन पेले एकाच दालनात हातभर अंतरावर ठेवले, तरी एक हिरवा व दुसरा पिवळट निघू शकतो, तो यामुळे.

हे सर्व घडत असताना कुंभाराला आत हात घालता येत नाही. छोट्या झरोक्यातून डोकावावे, ज्वाळेचा रंग पाहावा, धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा दाटपणा पाहावा आणि पुढच्या चिरफळ्या केव्हा टाकायच्या ते ठरवावे, एवढेच त्याच्या हाती उरते. सुमारे 1000 अंशांस आतील सारे नारिंगी दिसते. 1300 च्या जवळ प्रकाश इतका पांढरट-पिवळा होतो की, भांडे आणि ज्वाळा वेगळी ओळखू येत नाहीत. झरोक्यासमोर ठरावीक उष्णतेस वाकणारे मातीचे शंकू ठेवण्याची पद्धतही आहे. शंकूने मान टाकली की दालन तापले असे समजावे. तोवर माणसे पाळीपाळीने रात्रंदिवस जागतात. त्या रात्री एखाद्याला डुलकी लागली आणि जाळ मंदावला, किंवा घाईने लाकूड अधिक पडले, तर त्याचे फळ अनेकांच्या अनेक आठवड्यांच्या श्रमास भोगावे लागते. झिलई अर्धवट वितळून खरबरीत राहते, किंवा फार वितळून भांडे खालच्या फळीस चिकटते. भट्टी निवण्यासही काही दिवस द्यावे लागतात. घाईने दार उघडले आणि गार वारा आत शिरला, तर तापलेली भांडी कडकन तडकतात.

दार उघडण्याचा दिवस म्हणूनच आनंदाचा आणि धास्तीचाही असतो. काही भांडी फुटलेली, काही वाकलेली, बरीचशी ठीक आणि थोडी अशी की, ज्यांच्यावरील रंग कोणी योजूनही आणू शकला नसता. ज्याने प्रयोगशाळेत प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवला, त्या माणसाने पुढची पन्नास वर्षे अशा बेहिशेबी अग्नीच्या स्वाधीन आपली भांडी करावीत, हे चमत्कारिक वाटते. पण हामादा यांचे शास्त्र कोठे गेले नव्हते. दालनात कोणत्या जागी ज्वाळा थेट लागते आणि कोठे ती मंद असते, कोणती झिलई कोणत्या जागी ठेवावी, हे ते पक्के जाणत. त्यांना अग्नीशी जुगार खेळायचा नव्हता. आपल्या कौशल्याचा गर्व भांड्यावर उमटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. माशिकोला आल्यानंतर त्यांनी भांड्यांवर स्वतःचे नाव घालणेही सोडले. हे टोकाचे होते, असे एखाद्यास वाटेल. सही नसल्यामुळे पुढे खरी-खोटी भांडी ओळखण्याचे काम पारखी लोकांना जड गेले. हामादा यांना त्याची पर्वा नव्हती.

या वृत्तीस त्यांच्या मित्रमंडळात एक नावही मिळाले होते. 1925 मध्ये सोएत्सु यानागी हे विचारवंत, कावाई आणि हामादा या तिघांनी ‘मिंगेई’ हा शब्द योजला. लोकांची कला, असा त्याचा अर्थ. अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंत जे सौंदर्य आपोआप उतरते, ते जतन करावे, हे त्यांचे म्हणणे. 1936 मध्ये त्यासाठी टोकियोत एक संग्रहालय उघडले गेले. नाव टाळणाऱ्या हामादांचे नाव मात्र जगभर झाले, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. 1955 मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ या अर्थाचा किताब दिला. त्यांच्या भांड्यांच्या किमती एवढ्या वाढल्या की, ज्यांच्यासाठी ती घडली होती त्या सामान्य घरांत ती क्वचितच पोहोचत.

या परंपरेचा धागा भारतापर्यंतही आला आहे. गुरुचरण सिंग हे तरुण 1919 मध्ये कुंभकला शिकण्यासाठी जपानला गेले. लीच, यानागी, हामादा या मंडळींशी त्यांचा तेथे स्नेह जुळला. पुढे 1952 मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ ही संस्था स्थापन केली. 1971 मध्ये पाँडिचेरी येथे डेबोरा स्मिथ आणि रे मीकर या अमेरिकन दांपत्याने ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ सुरू केली. डेबोरा स्मिथ त्यापूर्वी सुसान पीटरसन या लेखिकेबरोबर दुभाषी म्हणून माशिकोस हामादांच्या घरी राहिल्या होत्या. पाँडिचेरीस पाइन नव्हते. तेथील भट्ट्यांत किनाऱ्यावरच्या सुरूच्या लाकडाचा जाळ होऊ लागला आणि देशाच्या अनेक भागांतून विद्यार्थी तेथे शिकावयास येऊ लागले.

हामादा 5 जानेवारी 1978 रोजी निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी आपल्या राहत्या जागेत एक संग्रहालय उघडले होते. देशोदेशी फिरून आणलेली, त्यांना आपल्या भांड्यांहून सरस वाटलेली भांडी, खुर्च्या आणि वस्त्रे त्यात मांडली होती. मोठी चढती भट्टीही त्याच आवारात होती. पण ती दीर्घकाळ पेटवली गेली नाही.

11 मार्च 2011 रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ महाभयंकर भूकंप झाला. माशिकोत अनेक भट्ट्या कोसळल्या, भांड्यांचे ढीग फुटले. हामादांच्या भट्टीचीही मोठी पडझड झाली. लोकांनी विटा पुन्हा रचल्या. 2015 मध्ये, त्यांचे नातू तोमोओ हामादा आणि माशिकोचे इतर कुंभार यांनी स्वतःची भांडी आणून त्या आठ दालनांत भरली. मग दारे विटांनी लिंपून बंद केली, खालच्या मुखाशी सरपण लावले आणि भट्टी पेटवली.